पायंडाकाकांचं एकुलतं एक मत

तमाम मराठी वाचकांस, विशेषतः जे आत्ता चहा पिता पिता हे वाचत आहेत त्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की टोकियोच्या पूर्वेला, ओजिमा नावाच्या वस्तीत, सार्वजनिक सभागृहाच्या दुसऱ्या मजल्यावर एक सत्तांतर घडून गेलं आणि जगातल्या एकाही वर्तमानपत्राने त्याची दखल घेतली नाही. शेअर बाजार हलला नाही. सैन्य बराकीतच राहिलं. खालच्या मजल्यावर जपानी आजीबाईंचा फुलं रचण्याचा वर्ग चालू होता, तोही थांबला नाही. पण मी तिथे होते. मतमोजणी मीच केली. तेव्हा कप खाली ठेवा, सांगते.

सत्तांतर आमच्या मराठी मंडळातलं. मी तेव्हा मंडळाची चिटणीस होते. परदेशातल्या मंडळात चिटणीस कसा निवडतात हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: सभा चालू असताना जी बाई बाथरूमला गेलेली असते, तिला निवडतात. पण या गोष्टीत चिटणीस महत्त्वाची नाही आणि अध्यक्षही नाही. महत्त्वाचा आहे एक मतदार.

त्यांना आम्ही सगळे पायंडाकाका म्हणायचो. तोंडावर म्हणायचो आणि ते ओ द्यायचे. साठीकडे झुकलेले, उंच, काटकुळे, मूळ पुण्याचे. बँकेतर्फे थोड्या वर्षांसाठी जपानला आले आणि मग एका व्यापारी कंपनीत नोकरी धरून राहिले ते राहिलेच. काकू पुण्यात शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या सुट्टीत येऊन काकांचं कपाट आवरून जायच्या. काका आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर.

मंडळात कोणीही, कसलीही नवी गोष्ट सुचवली की काकांचं उजव्या हाताचं बोट हळूहळू वर जायचं, चष्मा नाकावर खाली यायचा आणि ते म्हणायचे, "पायंडा पडेल." जेवणाला कागदी ताटल्या आणायच्या? पायंडा पडेल. मोदकाला जपानी दुकानातलं तांदळाचं पीठ? पायंडा पडेल. गणपती लोकांच्या सोयीने शनिवारी बसवू या, असं ठरलं त्या वर्षी काकांनी खऱ्या चतुर्थीला रजा घेऊन घरी स्वतंत्र गणपती बसवला, एकट्याने खणखणीत आरती म्हटली आणि शनिवारी मंडळाच्या गणपतीला येऊन निषेध म्हणून अकरा मोदक खाल्ले. निर्माल्य 'जळणारा कचरा' या पिशवीत टाकायचं की 'न जळणारा', यावरून ते वॉर्ड ऑफिसात जाऊन तिथल्या कारकुनाशी असे काही बोलले, की त्या बिचाऱ्याने शेवटी उठून फुलांनाच नमस्कार केला.

आणि मत! तुम्ही विचार करा, भारतातल्या मतदानाला जाणं त्यांना कधी जमलं नाही, जपानमध्ये परदेशी माणसाला मत नाही. म्हणजे वर्षातून एकदा मंडळाच्या वार्षिक सभेत जी चिठ्ठी टाकायची, ते त्यांचं पृथ्वीतलावरचं एकुलतं एक मत. त्या दिवशी काका सूट-टाय घालून यायचे. मत टाकलं की खिशातून जपानी शिक्क्याची लाल शाईची डबी काढायचे आणि स्वतःच्या हाताने तर्जनीला शाई लावायचे. भारतात निळी, इथे लाल, एवढाच फरक. सोमवारी ऑफिसात हे बोट ताठ उभं धरून फिरायचे. एका वर्षी त्यांच्या शेजारच्या जपानी मुलीने काही न बोलता त्यावर पट्टी चिकटवली. काकांनी ती आठवडाभर काढली नाही. "तिचं मन मोडवेना," म्हणाले.

तर असा माणूस. आता तुम्हाला वाटेल की हे नुसतं विनोदी पात्र आहे. मलाही वाटायचं, २०११ च्या मार्चमधल्या त्या भूकंपापर्यंत.

त्या दिवशी गाड्या बंद पडल्यावर सगळं शहर चालत घरी निघालं, त्यात काकाही. डोक्यावर ऑफिसचं पिवळं हेल्मेट, हातात बॅग. इमारतींसमोरच्या बागेत आम्ही सगळे भाडेकरू पांघरुणं गुंडाळून उभे होतो. काका आले, बाकावर चढले आणि मोठ्याने मराठी मंडळींची हजेरी घ्यायला लागले. त्यांचा तो आवाज ऐकून जपानी शेजाऱ्यांना वाटलं की हे कोणी सरकारी माणूस. तेही रांग लावून आपापलं नाव सांगायला लागले. काका प्रत्येकाला मराठीत "बरं, बसा," म्हणत होते आणि ते बसत होते.

पुढच्या आठवड्यांत मंडळातली निम्मी कुटुंबं पुण्यामुंबईला गेली. बरीच परत आलीच नाहीत. त्यांना दोष कोण देणार? लहान मुलं होती, अणुभट्टीच्या बातम्या भयंकर होत्या. काका मात्र हलले नाहीत. का राहिलात, असं विचारलं की म्हणायचे, "रविवारी वर्ग असतो."

हा वर्ग म्हणजे काकांचा जीव. दर रविवारी सकाळी दहाला त्याच सभागृहात ते मुलांना मराठी शिकवायचे. भूकंपाआधी खोली भरलेली असायची. नंतर उरली मूठभर मुलं आणि तीही इथेच वाढलेली. त्यांना मराठी समजायचं सगळं. बोलायची मात्र एकही नाही. कमरेवर हात ठेवून जपानीत उत्तर.

"सई, हे चित्र कसलं?"

"झो."

"झो जपानीत. मराठीत हत्ती. म्हण, हत्ती."

"झो," सई म्हणायची. गोड हसून.

हळूहळू आईबाप मुलांना फुटबॉलला पाठवायला लागले. शेवटी समितीने, अगदी जड मनाने, ठरवलं की दिवाळीनंतरच्या वार्षिक सभेत वर्गाचा विषय घ्यायचा. मुलं बोलतच नसतील तर वर्ग बंद. काकांना हे मीच सांगितलं. त्यांचं बोट वर गेलं नाही. ते म्हणाले, "बरं," आणि फळा पुसायला लागले. फळा आधीच कोरा होता.

अशात आमच्या अध्यक्षांची ओसाकाला बदली झाली. नवा अध्यक्ष कोण? सगळ्यांनीच एकदम माना खाली घातल्या, बाथरूमला जायची तर कोणाची हिंमतच नव्हती. तेव्हा एकच हात वर आला. मियुकीचा.

मियुकी आमच्या साताऱ्याच्या एका इंजिनियरची बायको. नोकरी स्टेशनवर, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. शहरभरच्या विसरलेल्या छत्र्या तिच्या ताब्यात. लग्नानंतर ती दोन वर्षं साताऱ्याला सासूपाशी राहिली होती, आणि तिचं सगळं मराठी त्या स्वयंपाकघरातून आलेलं. त्यामुळे दिसायला ही नाजूक जपानी बाई, आणि तोंड उघडलं की "अगो बया, भाकरी करपली की!" तिने 'हाय' म्हटलं की ते जपानीतलं 'हो' आहे की साताऱ्यातलं 'आहे', ते कोणालाच कळायचं नाही. काकांच्या पुणेरी कानाला तर तिचं बोलणं म्हणजे रोजचा दातदुखीचा त्रास.

गणपतीच्या दिवशी, जेवणं चालू असताना, तिने उमेदवार म्हणून दोन शब्द बोलावेत असं ठरलं. पैठणी नेसून ती उभी राहिली. कमरेत वाकली. आणि म्हणाली, "मी अध्यक्ष झाले तर मराठी वर्ग बंद होणार नाही. वर्ग आम्ही चालवणार. काकांनी आता बसावं."

टाळ्या पडल्या. काकांचा मोदकाचा हात तोंडापाशी थांबलेला मी पाहिला. मोदक परत ताटात गेला. जेवणं संपेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते, जणू काही हे सगळं मीच रचलंय.

संध्याकाळी ते आमच्या दारात.

"चिटणीसबाई, ऐकलंत? 'आम्ही'!"

"काका, आधी चहा घ्या."

"'आम्ही चालवणार' म्हणाल्या त्या बाई. 'आपण' नाही, 'आम्ही'. म्हणजे मला वगळून. आणि वर मला म्हणाल्या, बसा!"

"अहो, आदराने म्हणाल्या त्या. बसा म्हणजे दगदग करू नका."

"मला निवृत्त केलं, तेही माझ्याच वर्गातून, आणि ते आदराने?" चहाचा कप बशीत आपटला. "मी विरोधात मत देणार. जपानी बाई मराठी मंडळाची अध्यक्ष! पायंडा पडेल!"

"पण दुसरं कोणी उभंच नाहीये हो."

"मग रिकामी ठेवा खुर्ची. रिकामी खुर्ची निदान चुकीचं मराठी तरी बोलत नाही."

ते गेल्यावर मी मियुकीला फोन लावला आणि झालेला गोंधळ सांगितला. बिचारीच्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' दोघांना मिळून एकच शब्द. तिला म्हणायचं होतं की वर्ग सगळे मिळून चालवू, काकांवर एकट्यावर भार नको. आणि ती भर सभेत म्हणून बसली होती की तुम्ही निघा.  मग बारीक आवाजात, "ताई, मी काकांना हाकललं?"

"तसं म्हणायचं नव्हतं ना तुला."

"काकांचं मत नसेल तर मी अध्यक्ष होणार नाही," ती म्हणाली. आणि जपानी माणूस असं काही शांतपणे म्हणाला की ते दगडावर कोरल्यासारखं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. म्हणजे ती नाही, तर कोणीच नाही. आणि वर्गाची बाजू घेणारंही मग कोणी नाही. काका स्वतःच्या मताने स्वतःचाच वर्ग बंद पाडणार होते, आणि हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत नव्हती. माझी तर नव्हतीच.

पुढच्या शनिवारी ती माफी मागायला निघाली आणि मला सोबत घेतलं. हातात लाल घेवड्याचं गोड सारण भरलेल्या जपानी वड्यांचा डबा. पण काकांना मी तेव्हा पुरण म्हणून सांगितलं. काकांनी दार उघडलं. चेहरा असा, की दूधही नासावं. मियुकी दारातच इतकी वाकली की मला तिची वेणी दिसेना.

काका अस्वस्थ झाले. ओरडण्याची तयारी होती, वाकलेल्या माणसावर ओरडणार कसं? "आत या," ते म्हणाले. "पण आधी चूक समजून घ्या. इथेच."

इथे म्हणजे दाराच्या आत, जिथे आपण चपला काढतो, त्या पायरीखालच्या खोलगट जागेत. आम्ही दोघींनी पादत्राणं काढली.

"या माझ्या चपला. हे तुमचे बूट. या चिटणीसबाईंच्या सँडल. मी म्हणालो 'आपण चहा घेऊ', तर ही सगळी पादत्राणं चहाला आली. बरोबर? आता मी म्हणालो 'आम्ही चहा घेऊ'..." आणि काकांनी पायाच्या अंगठ्याने मियुकीचे बूट बाहेर ढकलले आणि धाडकन दार लावलं. "तर तुम्ही बाहेर!"

मियुकी बंद दाराकडे बघत राहिली. मग तिने ते हळूच उघडलं. लांबलचक कॉरिडॉरमध्ये तिचे ते छोटे काळे बूट, एक सरळ आणि एक आडवा.

"अगो बया," ती म्हणाली. "हे मी तुम्हाला केलं?"

"केलंत."

 मग अगदी साधेपणाने, जसं हरवलेली छत्री कुठल्या रंगाची होती असं विचारावं, तसं तिने विचारलं, "काका, तुम्ही इथं इतकी वर्षं राहता. इथले लोक 'आम्ही' म्हणतात, तवा तुमच्या चपला कुठं असतात?"

मी चपापले. असा प्रश्न कोणी विचारत नाही हो. आपण सगळे स्वतःलाही विचारत नाही. काका बाहेर गेले. वाकून तिचे बूट उचलले, आत आणले आणि इथल्या पद्धतीने, टोकं दाराकडे करून, नीट जोडून ठेवले.

"बऱ्याचदा बाहेर," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "रविवारी दहाला वर्ग असतो. या. उशीर चालत नाही."

ती गेली. मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसली. मी मागे चहाचा थर्मास सांभाळायच्या निमित्ताने हजर. असा तमाशा मी सोडते होय?

"मियुकी-सान," काका म्हणाले, "'आपण' वापरून एक वाक्य."

ती उभी राहिली. विचार केला. "आज संध्याकाळी आपण सगळे मिळून माझ्या नवऱ्याला खाऊ."

तिला म्हणायचं होतं 'खाऊ घालू'.  आणि मग सई, ती 'झो'वाली सई, खुर्चीवर उभी राहून किंचाळली, "काका! ती नवऱ्याला खाते! खाऊ नाही, खाऊ घालू! घालू!"

"भाजून खाणार का?" दुसरं एक कार्टं ओरडलं.

"नको, तो जाड आहे!" तिसरं.

मराठीत. सगळं मराठीत. काका फळ्याकडे वळले आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढत राहिले. ते टोपण आधीच काढलेलं होतं. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि तेवढी पुरली.

त्याचं कारण अगदी सोपं होतं. त्या मुलांना आजवर प्रत्येक माणूस त्यांच्याहून चांगलं मराठी बोलणारा भेटला होता. चुकायची लाज, म्हणून जपानी. आता प्रथमच कोणीतरी मोठं माणूस त्यांच्याहून वाईट बोलत होतं आणि त्याला दुरुस्त करायची परवानगी होती. कुठलं मूल ही संधी सोडेल? पुढच्या रविवारी फुटबॉलवाली दोन मुलं परत आली. कळलं होतं ना, की वर्गात एक बाई आहे आणि तिच्यावर ओरडता येतं.

मी एकदा मियुकीला कोपऱ्यात गाठून विचारलं, "खरं सांग, मुद्दाम चुकतेस ना?"

"पहिली चूक खरी होती, ताई."

"आणि नंतरच्या?"

"हाय," ती म्हणाली. आता हे कुठल्या भाषेतलं, ते तुम्हीच ठरवा.

काकांना हे कळलं होतं का? मला वाटतं, पुरतं कळलं होतं. कारण ते आता तिला निवडून निवडून अशी वाक्यं द्यायचे, की जिथे साक्षात त्यांचाही पाय घसरला असता. दोघांची छुपी युती झाली होती. 'त्या बाई'च्या 'मियुकी-सान' झाल्या होत्या, दिवाळीपर्यंत 'मियुकीबाई' झाल्या. एकदा तर काका माझ्याशी बोलताना म्हणाले, "भाजी लई तिखट झालीय." मग दचकून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "फार. फार तिखट."

तरी मत कोणाला, हे काही सांगेनात. मी तऱ्हेतऱ्हेने खोदून पाहिलं.

"चिटणीसबाई, मत गुप्त असतं. जो सांगतो तो मतदार नव्हे, भोंगा."

"पण ती म्हणते, तुमचं मत नसेल तर ती पद घेणार नाही."

काका थबकले. "असं म्हणाल्या?" मग पुन्हा तेच. "गुप्त असतं."

वार्षिक सभेचा दिवस आला. काका सूट-टायमध्ये. मतदानासाठी त्यांनीच आणलेला घडीचा पडदा कोपऱ्यात उभा. उमेदवार एकच, म्हणून चिठ्ठीवर फक्त होय किंवा नाही लिहायचं. त्याआधी मियुकी दोन शब्द बोलली. "वर्ग आपण चालवू," ती म्हणाली, त्या 'आपण'वर इतका जोर देऊन, की पहिल्या रांगेतली मुलं खिदळली. "आणि काकांनी अजिबात बसू नये."

सगळ्यांनी एकेक करून पडद्याआड जाऊन चिठ्ठ्या टाकल्या. काकांना सर्वांत जास्त वेळ लागला. मग मी डबा उघडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. होय. होय. होय. लोक सैल बसले, कोणीतरी चिवड्याची पिशवी फोडली. होय. होय. आणि मग माझ्या हातात आली 'नाही'.

अक्षर मी ओळखलं. एवढी सुबक, मोजून आखल्यासारखी वेलांटी आमच्या मंडळात एकच माणूस काढतो, आणि तो माणूस म्हणजे मियुकी. स्वतःला स्वतःच मत द्यायचं? नंतर मला म्हणाली, "ताई, मी मलाच होय कसं म्हणू? लाज वाटते." पण तेव्हा मी चिटणीस होते, मतपत्रिकेवरचं अक्षर ओळखल्याचं बोलणार कशी? मी घसा साफ करून वाचलं, "नाही."

चिवडा खाणारे थांबले. सगळ्या माना एकाच वेळी, जणू वाऱ्याने, काकांकडे वळल्या. मी उरलेल्या चिठ्ठ्या वाचत गेले. होय, होय, शेवटपर्यंत होय. पण कोणी ऐकत नव्हतं. सगळी सभा काकांना डोळ्यांनी सोलत होती. सईच्या आईने तर त्यांच्या पुढ्यातली चिवड्याची बशी उचलून घेतली.

एकटी मियुकी मान खाली घालून, तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसत होती. कारण त्या खोलीत माझ्याखेरीज फक्त तिलाच ठाऊक होतं की 'नाही' एकच निघालं आहे, ते तिचं स्वतःचं आहे, आणि त्याचा अर्थ काय होतो.

काकांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. गेलेल्या बशीकडे पाहिलं. कान लाल झाले, टाय वाकडा झाला, आणि गुप्त मतदानाचे आमचे ते एकमेव रक्षणकर्ते खुर्ची पाडून उभे राहिले आणि खालचा फुलांचा वर्गसुद्धा थांबेल अशा आवाजात ओरडले:

"अहो, माझ्याकडे काय बघताय? ते 'नाही' माझं नाही! माझं होय आहे! दोनदा लिहिलंय मी, होय होय, काढून बघा!"